जुडीला हात कुणी लावला?

एपारामाने कावाच्या मुळ्यांची जुडी सासऱ्यापुढे चटईवर ठेवली, बसल्या बसल्या थोडा मागे सरकला आणि मान खाली घातली. जुडी चांगली दणकट होती, केळीच्या सोपाने घट्ट बांधलेली. सासरा पेनाइया नुसता तिच्याकडे बघत राहिला. हात काही पुढे येईना.

कंदावू बेटावर सगळं त्या हातावर असतं. पोरगी मागायची असो, जमीन मागायची असो की माफी, आधी मुळी ठेवायची. समोरच्याने मुळीला हात लावला की मागितलेलं दिलं, मग त्याची जीभ मागे फिरत नाही. नाही लावला, तर आपली जुडी उचलायची आणि वाटेला लागायचं. त्यात घासाघीस नाही, रुसवेफुगवे नाहीत.

"काय मागायला आलास?" पेनाइयाने विचारलं. त्याला का माहीत नव्हतं? पण मागणाऱ्याने आपल्या तोंडाने मागायचं असतं.

"उनाइसीला न्यायला आलोय, मामा."

"एकटाच? तुझे काका कुठायत?"

"ते म्हणाले, तुझ्यासाठी आता कुठल्या तोंडाने जायचं?" एपारामाने मान आणखी खाली घातली. "मागच्या खेपेला त्यांनी जुडी ठेवली, तुम्ही घेतलीत, पोरगी पाठवलीत. आणि मी..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. रम ढोसून भरदिवसा, आरशासारख्या समुद्रात, ह्या महाभागाने मोटरबोट खडकावर घातली होती. वीस वेळा बोट नेलेली वाट! पुढे बसलेली उनाइसी उडून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड वाकडंच बसलं. उनाइसी त्याच आठवड्यात माहेरी आली, आणि आता ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, त्या वाकड्या हाताने चौकट धरून. तिच्याकडे बघायची एपारामाची छाती झाली नाही.

"जुडी राहू दे," शेवटी पेनाइया म्हणाला. "घेत नाही, परतही करत नाही. खांबाशी ठेव. तू राहा इथं. दिवसा माझ्या मळ्यात राब, संध्याकाळी चटईवर बस. रमशिवाय तुला बसता येतं का, ते तूही बघ, मीही बघतो."

"बसेन," एपारामा म्हणाला. बसेन म्हणजे बसेन, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

बसणं सोपं होतं होय! संध्याकाळ झाली की गावातले बापये पेनाइयाच्या ओसरीत जमायचे. मधोमध लाकडी काथवट. सकियुसा, म्हणजे उनाइसीचा भाऊ, कुटलेली मुळी फडक्यात बांधून पाण्यात पिळायचा. पाणी गढूळ झालं की करवंटी भरून एकेकाच्या हातात. घेणारा आधी एक टाळी वाजवणार, एका दमात पिणार, मग सगळे टाळ्या वाजवणार. मेहुणा म्हटल्यावर सकियुसाच्या जिभेला हाड नव्हतंच. आपल्याकडे दाजीला सोडत नाहीत, तसंच तिथंही.

"दाजी, भरती की ओहोटी?" काठोकाठ हवी की अर्धी, असं तो विचारत होता.

"भरती!"

"बघा रे, समुद्र पिऊन आलेत आमचे दाजी, आता खाडी पिणार."

एपारामाने करवंटी घशात ओतली. चव विचारू नका. पावसाळ्यातली पायवाट धुऊन प्यावी, तशी. जीभ बधिर झाली, ओठ जाड झाल्यासारखे वाटले, आणि बस्स. तो वाट बघत राहिला. पोटात काही पेटलं नाही, डोक्यात काही फिरलं नाही. दुसरी करवंटी झाली, तिसरी झाली.

"ही चढते कधी?" त्याने शेवटी विचारलं.

ओसरी अशी हसली की शेजारच्या कोंबड्या जाग्या झाल्या.

"चढायची नाही रे ती," पेनाइया म्हणाला. "ही बसवते. नवख्याशी तर बोलतसुद्धा नाही. ओळख होऊ दे."

पहिले काही दिवस एपारामाचे फार वाईट गेले. दुपारी मळ्यात टारोचे कंद उपटताना रमच्या आठवणीने तोंडाला पाणी सुटायचं, आणि पाणी सुटलं म्हणून स्वतःचाच संताप यायचा. संध्याकाळी चटईवर बसलं की पाय शिवशिवायचे, उठून कुठंतरी जावं, कुणाशी तरी भांडावं असं वाटायचं. पण उठायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. करवंटी आली की टाळी वाजवायची, प्यायची, बसायचं. उनाइसी जेवणाची पानं आणून ठेवायची, त्याचं त्याच्यापुढे न ठेवता शेजारच्यापुढे सरकवायची. बोलायची नाही. तोही बोलायचा नाही. वाकडं मनगट मात्र रोज दिसायचं.

मग एका संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं की खांदे सैल पडलेत. डोकं जागेवर होतं. खालच्या किनाऱ्यावर लाट फुटली ती त्याला स्वच्छ ऐकू आली, सकियुसाची कोटी आली तर राग न येता हसू आलं. आणि भोवतालचे लोक जसजसे पीत होते तसतसा त्यांचा आवाज खाली येत होता. रमच्या बैठकीत कधी असं झालं होतं? तिथं दुसऱ्या पेल्याला आवाज वाढायचा आणि चौथ्याला हात उठायचे. नाव कावा, पण हिच्यात कसला कावा म्हणून नाही, एपारामाच्या मनात आलं. ही आपल्याला आपल्यापासून पळू देत नाही. त्याला वाकडं मनगट आठवलं आणि त्या शांत डोक्याने ते जास्तच लागलं. डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत.

"ओळख झाली वाटतं," पेनाइया पुटपुटला आणि दुसरीकडे बघायला लागला.

तरी खांबाजवळची जुडी खांबाजवळच राहिली. म्हातारा तिच्याकडे फिरकेना. महिना उलटला, दुसराही सरत आला.

अशात शेजारच्या गावची माणसं देवळाच्या छपराचं काम आटपून ओसरीत टेकली. पाहुणे म्हटल्यावर काथवट आलीच. सकियुसाने डबा उघडला तर तळाशी चिमूटभर भुकटी.

"अरे बत्ता हाण की, बघतोस काय!" पेनाइया आतून ओरडला. "पाहुण्यांना कोरडं बसवतोस?"

एपारामा तेव्हा किनाऱ्यावर बोट ओढून घेत होता. तो वर आला तोवर करवंट्या फिरायला लागल्या होत्या. त्याने आपली टाळी वाजवली, आपली भरती प्यायली आणि एकदम थबकला. ही चव त्याच्या ओळखीची होती.

"वा!" पाहुण्यांमधला एक म्हातारा ओठ पुसत म्हणाला. "काय मुळी आहे! कंदावूची नाही बरं का ही. कुठल्या मातीतली?"

"सकी, कुठली रे?" पेनाइयाने आपली रिकामी करवंटी खाली ठेवत विचारलं.

"कुठली म्हणजे? खांबाशी पडलेली..." सकियुसाचं तोंड उघडंच राहिलं.

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. खांबाशी केळीचं सोप तेवढं पडलं होतं.

एवढा मोठा गाढवपणा त्या ओसरीत आजवर कुणी केला नव्हता. माफीची जुडी, न स्वीकारलेली, कुटून पाहुण्यांना पाजली! पेनाइयाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. पाहुण्या म्हाताऱ्याला प्रकार कळला तसा तो पोट धरून हसायला लागला.

"आता काय करतोस पेनाइया? पोटातली परत देणार? प्यालास म्हणजे घेतलीस."

"घेतली," पेनाइया हळूच म्हणाला. रीत त्याला कोण शिकवणार? "मुळी पोटात गेली म्हणजे शब्द गेला. एपारामा, उद्या घेऊन जा तिला."

"दाजी, डुक्कर कापा!" सकियुसाच्या जिवात जीव आला. "पुण्य माझं, विसरू नका."

एपारामाला आधी खरंच वाटेना. उद्या! इतके दिवस ज्यासाठी मांडी ठोकून बसलो ते मिळालं, तेही सगळ्यांसमोर. नुसतं गप्प बसायचं होतं.

"असाच मोडला होता माझा हात." उनाइसी दारातून बोलली. ती त्याच्याशी नाही, बापाशी बोलत होती, पण सगळी ओसरी ऐकत होती. "कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून. आता मलाही तसंच पाठवा, बाबा. चुकून."

पेनाइयाने मान खाली घातली. रीत त्याच्या बाजूची होती आणि पोरगी खरं बोलत होती, म्हातारा दोन्हींच्या मध्ये सापडला.

एपारामा गुडघ्यांवर पुढे सरकला.

"मामा, ही जुडी हिशेबात धरू नका."

"दाजी!" सकियुसा ओरडला. "डोकं फिरलं काय?"

"जागेवर आहे. पहिल्यांदाच आहे." एपारामाचा आवाज चढला नाही. "ती घेतली नाहीत तुम्ही, गिळलीत. मी रम गिळायचो तशी, काय आहे न बघता. दुसरी आणतो. कोरो बेटावर, घरच्या मळ्यात, बाबांनी लावलेली झाडं आहेत, आता पुरती जून झालीत. सर्वांत थोरलं खणून आणतो."

"वाटेत सुवा लागतं, दाजी," सकियुसा म्हणाला. ह्यावेळी तो चेष्टा करत नव्हता. सुवा म्हणजे धक्का, धक्क्यावर जुने दोस्त आणि दोस्तांसमोर दारूचं दुकान, हे ओसरीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"लागू दे."

उनाइसी आत निघून गेली होती. तिने ऐकलं की नाही, एपारामाला कळलं नाही.

सुव्याच्या धक्क्यावर जहाजातून उतरला न उतरला तोच इनोकेने त्याला मिठी मारली. इनोके त्याचा बोटीवरचा जुना सोबती, दिलदार माणूस, त्याच्यासारखाच बुडालेला.

"बुला, बुला! कुठल्या बिळात होतास? कंदावूला? मग कावा पिऊन पोटात चिखल साचला असेल. चल, धुऊन टाकू." कावावर बिअर ओतायची, ह्याला तिथले पिणारे धुणं म्हणतात.

एपारामाला ती हवी होती. उगाच खोटं कशाला बोला? अंगातलं रोम न् रोम त्या दुकानाच्या दाराकडे ओढत होतं.

"चिखल राहू दे," तो म्हणाला. "मला तोच हवाय. तू चल माझ्याबरोबर बाजारात, करवंटी पाजतो."

"ते म्हाताऱ्यांचं पाणी? हात्तिच्या! बायकोने पार शेळी केली की रे तुझी!"

"अजून कुठं केली? तेवढ्यासाठीच धडपडतोय."

इनोके हसत हसत दुकानात शिरला. एपारामा कोरोची बोट सुटेपर्यंत बाजारातल्या कावाच्या बाकावर बसून राहिला. बसण्यात आता तो तयार झाला होता.

कोरोवरून निघताना समुद्र खवळला, बोटी बंद झाल्या. आजचं उद्यावर गेलं, उद्याचं परवावर. मूळ ओल्या गोणपाटात गुंडाळून तो बंदरावर रोज जाऊन उभा राहायचा. कंदावूच्या ओसरीत आपल्याबद्दल काय बोलत असतील, ते त्याला न जाता ऐकू येत होतं.

अखेर तो पोचला तेव्हा संध्याकाळची काथवट नुकती मांडली होती. सकियुसा धावत आला, आधी त्याने दाजीच्या तोंडाचा वास घेतला, मग मिठी मारली.

"आम्ही तुम्हाला सुव्यात बुडवून मोकळे झालो होतो हो, दाजी!"

एपारामाने जुडी पेनाइयापुढे ठेवली. जुडी कसली, अख्खं झाडाचं मूळ होतं, पोरासारखं दोन्ही हातांनी उचलावं लागणारं. खणताना लागलेली कोरोची माती अजून त्याच्या नखांत होती.

"उनाइसीला न्यायला आलोय, मामा."

पेनाइयाने बराच वेळ मुळाकडे बघितलं. मग दोन्ही हात आपल्या गुडघ्यांवर ठेवले, आणि तिथंच ठेवले.

"एकदा मी हाताने घेतली, एकदा पोटाने घेतली," तो म्हणाला. "दोन्ही वेळा हिला विचारलं नाही. उनाइसी, ये, इथं बस."

असं तिथं कधी झालं नव्हतं. एक-दोघे कुरकुरले, पेनाइयाने नुसतं बघितलं तसे गप्प झाले. उनाइसी आली, मुळापुढे मांडी घालून बसली आणि पहिल्यांदा नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं.

"परत जाताना बोट कोण चालवणार?"

"तू," एपारामा म्हणाला. "मी पुढे बसेन."

तिने खाली वाकून मूळ दोन्ही हातांनी धरलं. ते जड होतं, वाकड्या मनगटातून निसटायला लागलं. एपारामाचे हात आपोआप पुढे झाले. तिने असं काही बघितलं की ते तिथल्या तिथे थांबले. मग तिने दात आवळून, दमाने, एकटीने ते उचललं आणि मांडीवर घेतलं.

एपारामा रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. सकियुसाने सवयीने बत्ता उचलला.

"खबरदार, सकी!" उनाइसी कडाडली. "ह्याला हात लावलास तर तोडून ठेवीन. हे मी घेतलंय."