दानम्माच्या पोटातला आवाज

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, मित्रांनो. माझ्या भाऊबंदांनी छातीचे ठोके ऐकले. माझे आयुष्य मात्र लोकांच्या पोटावर गेले. आतड्यांची गुरगुर ऐकण्यात मिरवण्यासारखे काय, असे मला अजूनही वाटते. तरी सांगतो.

नांदेडच्या एका दवाखान्यात डॉक्टर शेषेरावांनी मला गळ्यात घातले, ते बहात्तरच्या दुष्काळात. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसे सरकारकडून मिळणाऱ्या सुकडीच्या पिठावर जगत होती. त्यांतल्या रामकिशनचे आतडे डॉक्टरांनी कापून जोडले. टाके सुबक होते, तरी उसवले. पुन्हा पोट उघडावे लागले आणि रामकिशन गेला. त्या दिवशी डॉक्टर मला मुठीत धरून बराच वेळ जिन्यात बसून होते. हात तोच, दोरा तोच. मग एकाचे आतडे जुळते आणि दुसऱ्याचे का नाही?

हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरला. कापलेल्या आतड्याचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसत. उपाशी आतडे, आणि वर्षानुवर्षे सुजून आतून सोलवटलेले आतडे, लवकर सांधले जात नाही, असे त्यांना दिसू लागले.

लातूर वेगळा जिल्हा झाला, तसे आम्ही तिकडे गेलो. तिथे चाकूरची दानम्मा आली. आतड्याच्या जुनाट सुजेने तिची काडी झाली होती. एका जागी आतडे पार आवळले होते. डॉक्टरांनी सुरीला हात लावला नाही. आधी कित्येक आठवडे तिला पातळ पेज, ताक, वरणाचे पाणी देत राहिले. तिचे सासरे महादेवप्पा चिडले.

"डॉक्टरसाहेब, ह्यो दवाखाना हाय का खानावळ? आपरेशन सोडून पाहुणचार करून राहिले तुम्ही!"

"आप्पा, उपाशी पोटात टाका धरत न्हाई," डॉक्टर एवढेच म्हणाले.

अखेर आवळलेला भाग काढून त्यांनी दोन टोके जोडली. मग वाट पाहणे आले. पोटातला वारा सरला की आतडे चालू झाले असे समजतात. डॉक्टर रोज विचारत आणि दानम्मा मान हलवून नाही म्हणे. अशात तिला ताप चढला. पोट फुगल्यासारखे दिसू लागले. टाके उसवले असतील तर विष पोटभर पसरणार. आणि पुन्हा उघडावे, तर ते सोसण्याचे बळ तिच्यात नव्हते. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची खोली तयार करायला सांगितले आणि मला तिच्या पोटावर टेकवले.

काहीच नाही. मग फार खोलवर, बारीक गुळगुळ.

मला ऐकू आले होते, पण माझाच माझ्यावर विश्वास बसेना. माझी नळी घासली असेल का? डॉक्टरांचाही बसला नसावा. त्यांनी पंखा बंद करवला आणि मला पुन्हा टेकवले. पुन्हा गुळगुळ, या वेळी लांबलचक.

"दानम्मा, वारा खरंच सरला न्हाई?"

"न्हाई," ती डोळे मिटून म्हणाली.

खाटेच्या पायथ्याशी महादेवप्पा उभे होते. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिले, मग तिने कपाळापर्यंत ओढलेल्या पदराकडे.

"आप्पा, तुम्ही जरा बाहेर थांबा."

"कामून? मी काय केलं?"

"थांबा म्हणलं ना!"

दार लागले. दानम्माने पदर तोंडावर घेतला.

"पहाटंच सरला, साहेब. मामंजीसमोर कसं सांगू बाई मी? त्यापरीस मेलेलं बरं."

"मेलीच असतीस की!" डॉक्टर मटकन स्टुलावर बसले आणि हसू लागले.

मग त्यांनी तिला नखशिखांत तपासले. सलाईनची सुई टोचलेली जागा लालभडक सुजली होती. ताप तिथला होता. शस्त्रक्रियेची खोली आवरायला सांगितली. दुसऱ्या दिवशी पोट मऊ लागले, आणि दानम्माने पेज मागून घेतली.

पुढे आतड्यांचे संशोधक म्हणून डॉक्टरांचे नाव झाले. विद्यार्थ्यांना मात्र ते सांगत, "आधी सासऱ्याला बाहेर काढा, मग आतड्याला विचारा."

आता माझ्या नळीला चिरा पडल्या आहेत. मित्रांनो, माझ्यासारखा एखादा कधी तुमच्या हाती आला, तर त्याची चकती आधी तळहातात धरून तिला ऊब द्या. दुखऱ्या पोटावर गार धातू टेकला की माणूस दचकतो. आणि दचकलेला माणूस खरे सांगत नाही.