तळहाताचं तेल

रेमणी मॅडमनी दुसऱ्या बरणीचं झाकण फिरवलं आणि कार्त्यायनीने नजर खिडकीबाहेर नेली. पहिल्या बरणीत शिंपल्यांच्या दोरांवरून खरवडलेला काळा राप होता, दुसरीत तिच्या नवऱ्याच्या होडीच्या तळातलं तेलकट पाणी. आणि नवरा, कुन्हंबू, बाहेर प्रयोगशाळेच्या पायरीवर बसला होता.

बारा दिवसांपूर्वी त्यांच्या पडन्ना गावच्या खाडीत तेल आलं. बायकांच्या बचत गटाने पाण्यात दोर सोडून वाढवलेल्या शिंपल्या टपोऱ्या झाल्या होत्या, काढायला जेमतेम पंधरवडा उरला होता. सगळ्यांनी बोट दाखवलं ते कुन्हंबूकडे, कारण त्याच आठवड्यात त्याने होडीचं इंजिन खोललं होतं. नमुने कोचीला कोण नेणार म्हटल्यावर गटाने एकमुखाने कार्त्यायनीचं नाव घेतलं. कुन्हंबूवर सगळ्यांत जास्त चिडली होती ती त्याची बायकोच. एक टोमणा सोडला तर ती त्याच्याशी बारा दिवस बोलली नव्हती. 

"होडी माझी आहे, निकाल लागेल तिथे मी असणार," म्हणून तो आपणहून गाडीत चढला आणि दोन बाकं सोडून बसला.

नमुने यंत्रात गेले. पडद्यावर वरखाली जाणारी एक रेघ उमटली, मग दुसरी. मॅडमनी दोन्ही एकाखाली एक ठेवल्या. त्यातलं काही न कळणाऱ्या कार्त्यायनीलाही दिसलं, की दोन्हींची उंच टोकं नेमकी त्याच जागी होती.

"जुळतंय ना?" तिने विचारलं. गेले बारा दिवस ती गावभर हेच सांगत होती. आता मात्र तिची नजर दाराबाहेरच्या पायरीकडे गेली.

"थांबा कार्त्यायनीचेची, घाई करू नका. ही पहिली झटपट तपासणी आहे." मॅडम पडद्याजवळ वाकल्या. "खनिज तेलाची टोकं कंगव्याच्या दातांसारखी ओळीने येतात, मधला एकही दात न गाळता. ही एकाआड एक आलीत. हे जमिनीतलं नाही, झाडाचं तेल आहे. बरण्या कसल्या होत्या?"

"लोणच्याच्या. पण सोडा घालून उकळून घेतल्यात हो मॅडम!"

"मग हाताला काय होतं?"

कार्त्यायनीने तळहात उघडून पाहिले. तो चिकट राप साबणाने निघत नाही, खोबरेलानेच निघतो, हे खाडीकाठी पोराटोरांनाही ठाऊक. नमुन्यासाठी तिने दोर खरवडले त्या संध्याकाळी कुन्हंबू वाटीत खोबरेल घेऊन तिच्यासमोर बसला होता आणि तिचं एकेक बोट चोळून काढत होता.

"पाप धुताय वाटतं?" ती म्हणाली होती. तो चोळतच राहिला. ती हात हिसकावून उठली आणि त्याच हातांनी तिने दोन्ही बरण्या भरल्या.

"खोबरेल," ती हळूच म्हणाली. "मी नाही लावलं. ह्यांनी लावलं."

"तेच तुमच्या हातांवरून दोन्ही बरण्यांत उतरलं. म्हणजे चांगलं करायला गेले आणि गोत्यात आले असते की!" मॅडम हसल्या.

खोबरेल गाळून दोन्ही नमुने पुन्हा यंत्रात गेले. दुपार झाली. या वेळच्या रेघांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

"ही बारीक टोकं म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंच्या खुणा. उन्हालाटांत बाकीचं विरतं, या राहतात. तुमच्या दोरांवर मोठ्या जहाजाचं जाड तेल आहे. होडीत साधं डिझेल आणि इंजिनाचं तेल. दोघांचं गोत्रच वेगळं."

"म्हणजे हे नव्हेत?"

"हे नव्हेत. तसं लिहून देते, गटाला दाखवा."

कार्त्यायनीने खुर्चीचा हात घट्ट धरला. शिंपल्या गेल्या त्या गेल्याच, पण छातीवरचा धोंडा उतरला. तिला हसू येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होत होतं.

ती बाहेर आली तसा कुन्हंबू उठून उभा राहिला. घरून केळीच्या पानात बांधून आणलेला भात त्याने अजून सोडलाही नव्हता. ती पायरीवर बसली, म्हणून तोही बसला. तिने हात पुढे केला.

"नखांच्या कडेला अजून काळं आहे. निघत नाही."

त्याने तिचा हात मांडीवर ओढून घेतला आणि उजेडाकडे वळवून पाहिला.

"साबणाने घासलं असशील," तो म्हणाला.

निकाल काय लागला, ते त्याने परतीची गाडी सुटल्यावर विचारलं.