हॉलिस कधीच सुरात गायला नाही

मरणाच्या आदल्या दिवशी हॉलिस ओसरीवर शेंगा सोलत बसला होता आणि नेहमीसारखा बेसूर गात होता. त्याची बायको ओपल आतून ओरडली, "अहो, पुरे! कोंबड्या अंडी घालायच्या थांबतील!" लेक वर्ना पुस्तकातून मान वर न काढता हसली. मुद्दाम लक्षात ठेवावं असं त्या दिवसात काहीच नव्हतं.

हॉलिस गेला, आणि आता अलाबामातल्या त्यांच्या डोंगरावरच्या गावाचं लाकडी चर्च दर रविवारी माणसांनी ओसंडत होतं. ब्रदर डेलमार नावाचा फिरता उपदेशक आला होता. मेलेली माणसं म्हणे त्याच्या गळ्यातून गात. डोळे मिटून, ओठ न उघडता तो गुणगुणू लागला की बाकाबाकांवर हुंदके फुटत.

"अगं बाई, हे तर माझ्या आईचं गाणं!"

"छे, आमच्या धाकट्याचं!"

इथे प्रत्येकाचं एक गाणं ठरलेलं असे. चर्चमध्ये खर्जाचे, वरच्या पट्टीचे असे आवाजाप्रमाणे बाक वाटून सगळ्यांनी चौकोनात बसायचं, पाळी आली की मधोमध उभं राहून आपलं गाणं सगळ्यांकडून गाऊन घ्यायचं. माणूस गेला की उरलेले ते त्याच्या नावानं गात. असल्या गावाचे कान फसतील, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ओपलनं हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. "तुझे बाबा बोलावतायत गं. आता अडवू नकोस मला." वर्नानं समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी थकली. बापासाठी रडायलाही तिला उसंत नव्हती. आधी आईला धरून ठेवायचं होतं.

पुढच्या रविवारी वर्ना चर्चमध्ये आईशेजारी बसली.

"हॉलिस आलाय!" डेलमार गरजला. "ओपलताई, तो म्हणतोय, नदीपलीकडे तुमची खुर्ची मांडून ठेवलीय!"

"शेंगा सोलायला बोलावत असेल," मागून म्हातारा एझ्रा पुटपुटला.

गुणगुण सुरू झाली. संथ, एकेक पायरी खाली उतरणारी. वर्नाचे डोळे भरले. बाबांचंच गाणं! मनातल्या मनात तिनं शब्द लावले, चपखल बसले. मग सहज म्हणून आईच्या गाण्याचे लावले. तेही बसले. तिनं डोळे पुसले आणि ती उठली.

"ब्रदर, पुन्हा गुणगुणा. ज्यांना गाणं ओळखू आलंय, त्यांनी शब्द मोठ्यानं म्हणायचे."

"पोरी, स्वर्गाची परीक्षा घेऊ नये."

"परीक्षा कसली? साथ करतो. गाणाऱ्या गावाला गप्प बसवता होय?"

"म्हणू द्या की!" एझ्रा म्हणाला. चारही बाजूंनी तोच गलका झाला. डेलमारला सुटका नव्हती.

त्यानं सूर धरला आणि गाव गाऊ लागलं. कुणी नदीचं गाणं गायलं, कुणी पहाटेचं, कुणी थडग्याचं. प्रत्येकाचे शब्द निराळे, आणि सगळेच चालीत बसणारे! गाता गाता लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. एकेक आवाज गळाला. शेवटी एकटा डेलमार गुणगुणत राहिला. मग तोही थांबला.

"आपली निम्मी गाणी एकाच मापाची आहेत," वर्ना शांतपणे म्हणाली. "त्यांतले कुठलेही शब्द त्यांतल्या कुठल्याही चालीत बसतात. ही गंमत आपण लहानपणापासून करतो. यांनी फक्त एक रडवी चाल धरली. शब्द आपण घातले, माणूस आपण आठवला. गाण्यानं रडू आलं तर रडा, मीही रडले. पण आपल्याला रडू आलं म्हणून सांगणारा खरा ठरत नाही."

"श्रद्धा नसलेल्या कानांना…" डेलमारनं सुरुवात केली.

"कान आमचे ठीक आहेत, ब्रदर," एझ्रा म्हणाला. "तुम्ही तुमची टोपी उचला आणि वाट धरा."

ओपल मात्र मान हलवत होती. "काही म्हण वर्ने, आवाज त्यांचाच होता."

"आई, तो सुरात होता."

हसू आणि हुंदका ओपलच्या तोंडून एकदमच फुटला. "हॉलिस… आणि सुरात!" वर्नानं पुढे केलेली गोळी तिनं मुकाट्यानं गिळली.

खर्जाच्या बाकावर हॉलिसची जागा रिकामी होती. वर्ना त्या रिकाम्या जागेसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्ही फार बेसूर गायचात. आणि मला ते फार आवडायचं."