धाकटीनं आधी बोलायचं

मित्रांनो, मी जत भागातली एक जुनी काळी घोंगडी आहे. समोरच्या भिंतीवर तो चकचकीत टीव्ही टांगलाय ना, त्याचं कौतुक माझ्यापुढे करू नका. त्यानं माझी जागा घेतली. घेतली ते घेतली, वर त्याला पुसायला वेगळं मऊ फडकं! मला आजवर कुणी मऊ फडकं लावलं नाही. मला काठीनं झोडपतात.

जतच्या माळावर मेंढ्यांची लोकर कातरली, बायकांनी सूत काढलं, ज्योतिबा विणकरानं मला मागावर विणलं. मग चिंचोक्याची खळ लावून असं ताठ केलं, की तो ताठा अजून गेला नाही. बायडाबाईंनी मला बाजारातून मलकापूरला आणलं, तेव्हा त्यांचा गोधड्यांचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक खोली होती.

बायडाबाईंना सही येत नव्हती. पण चार बायकांकडून नक्षी कशी काढून घ्यायची, ते येत होतं. नवी नक्षी ठरवायची असली की त्या मला जमिनीवर अंथरायच्या. माझ्या काळ्या अंगावर कापडाचे तुकडे मांडले की रंगाचं खरंखोटं लगेच कळतं. सगळ्या माझ्याभोवती बसायच्या. धाकटीनं आधी बोलायचं, बायडाबाईंनी सगळ्यांत शेवटी. कुणी नुसतं "मला न्हाई आवडलं" म्हणालं की बायडाबाई फटकारायच्या, "तुजी आवड घरी ठिव. पांघरणाऱ्याला काय व्हईल ते सांग." नक्षी चुकली तर जिची तिनंच उसवायची, दुसरीनं सुई लावायची नाही. भांडणं व्हायची, पण रुसून घरी कुणी बसलं नाही. येणारेजाणारे म्हणायचे, "घोंगडी कसली, दरबार हाय ह्यो." मी फुगायचे. का फुगू नये?

मग बायडाबाईंचे गुडघे गेले आणि कारभार त्यांच्या सुनेकडे, रेश्माकडे आला. रेश्मा हुशार. पण तिनं तो टीव्ही आणला. नक्षी टीव्हीवर दिसायची, मग फोनवरच्या ग्रुपवर यायची. रेश्मा पसंतीचा पहिला अंगठा टाकायची, तिच्या मागोमाग सगळ्यांचे अंगठे. काम कसं भराभर! मला गुंडाळून कपाटावर टाकलं. वरून मी रोज बघत होते. सगळ्याजणी माना वर करून त्याच्याकडे बघायच्या. माझ्याभोवती बसल्या की त्यांना एकमेकींची तोंडं तरी दिसायची. त्याच्यात काय दिसतं? तोच. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

अशात पाचगणीच्या एका हॉटेलानं सगळ्या खोल्यांसाठी गोधड्या सांगितल्या. अख्ख्या हंगामाचं काम. रेश्मानं स्वतः नक्षी काढली. स्ट्रॉबेरीची वेल आणि वरच्या काठाला आरशाच्या आभल्यांची रांग. टीव्हीवर आभली अशी चमकली की सगळ्या "आहाहा" म्हणाल्या. नमुना पाचगणीला गेला आणि तसाच परत आला. हॉटेलच्या बाईंनी तो अंगावर घेऊन गळ्यापर्यंत ओढून बघितला होता, आभली मानेला टोचली. सोमवारपर्यंत दुसरा नमुना द्या, नाहीतर काम दुसरीकडे, असा निरोप आला.

रेश्मा भडकली. "टोचंल ह्ये तुमच्यातल्या एकीला बी कळलं न्हाई व्हय?"

सगळ्यांत धाकटी पायल हळूच म्हणाली, "मला कळलं हुतं, वैनी."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमचा अंगठा आधी पडला. त्याच्यावर मी काय बोलणार?"

दारात बसलेल्या बायडाबाई हसल्या. "अंगठा तर मी बँकेत बी देती, गं. म्हणून मला बँक कळती व्हय?"

रेश्मा उठली. मग स्टुलावर चढून तिनं मला खाली काढलं आणि अंगणात झोडपलं. मित्रांनो, मार इतका गोड मला कधीच लागला नव्हता.

नमुना माझ्यावर पसरला. बायडाबाई सुई घेऊन उसवायला वाकल्या, तोच रेश्मा म्हणाली, "आत्या, हात काढा. माजी चूक, मीच उसवणार. आन पायल आधी बोलंल. आपण दोघी शेवटी."

"आगं, नियम माजा, आन मलाच शिकवतीस?"

"व्हय."

बायडाबाईंनी सुई रेश्माच्या हातात दिली. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पायल म्हणाली, "आभली पायाकडं न्या. मानेकडं जुन्या लुगड्याचं मऊ कापड लावा. खोलीत शिरल्यावर पायथाच आधी दिसतोय."

दुसरी म्हणाली, "पाय लागून फुटतील की!"

"मग काठापासनं चार बोटं वर घ्या, गादीच्या खाली लोंबतील तितं."

सगळ्यांचं बोलून झाल्यावर रेश्मानं मान हलवली आणि आपल्या हातानं एकेक आभलं उसवलं. सोमवारी नमुना पाचगणीला गेला, तो तिथंच राहिला. काम मिळालं.

टीव्ही अजून भिंतीवरच आहे. माप जुळवायला लागतो म्हणे. लागू दे. पण आता पायल माझ्यावर मांडलेल्या नक्षीचा फोटो काढून त्याच्यावर लावते, तेव्हा नक्षीच्या चारी बाजूंनी मीच दिसते. त्याच्या तोंडावर मी! बस म्हणावं घेऊन.

मित्रांनो, उद्या तुम्हीही चारचौघांचे मुख्य व्हाल. टीव्ही आणा, दोन आणा. पण जिथं धाकट्याला आधी बोलता येतं, ती बैठक मोडू नका. आणि घरात घोंगडी असेल तर तिला अधूनमधून ऊन दाखवा, घडीत कडुलिंबाचा पाला घाला. कसरीची कीड गुपचूप आतून खाते. बाहेरून कळतं, तेव्हा भोक पडलेलं असतं.