धरणेंद्रचं डोहाळजेवण

धरणेंद्र चौगुलेचं डोहाळजेवण झोकात पार पडलं. आणि खरं म्हणाल तर तसं काही झालंच नाही. गावात कुणालाही विचारा, पोटभर जेवून गेलेलेसुद्धा हेच सांगतील.

झालं ते एवढंच. साखर कारखान्याच्या नोकरीत दिवसभर उसाच्या फडातनं हिंडणाऱ्या या पंचेचाळिशीच्या गड्याची डावी जांघ एकाएकी दुखायला लागली. ना पडला, ना धडपडला. एक्स-रे स्वच्छ.

"हंगाम लागला की तुझं दुखणं लागतं," जोडीचा वीरधवल म्हणाला.

त्या टोमण्यापायी धरणेंद्र आणखी महिनाभर लंगडत फडात हिंडला. शेवटी बायकोनं, कस्तुरीनं, त्याला मिरजेला नेलं. एमआरआय बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खुब्याचं हाड तात्पुरतं विरळ झालंय. काही महिन्यांत आपलं आपण भरून येईल. तोवर कुबड्या घ्या, या पायावर भार नको. नाहीतर मोडेल."

"हे कुणाला हुतं?"

"तुमच्या वयाच्या पुरुषांना. नाहीतर बायकांना, गरोदरपणी, शेवटच्या महिन्यांत."

पुढचं धरणेंद्रनं ऐकलंच नाही.

कुबड्या दाराआड राहिल्या आणि गडी निघाला फडाकडं. उंबऱ्यातच पाय लचकला. हाड वाचलं. कस्तुरीनं दाराआडच्या कुबड्या काढून त्याच्यापुढं आपटल्या. मग म्हणाली, "कुबड्यांची लाज वाटती न्हवं? थांबा. त्याच्याहून मोठी लाज आणते. मग कुबड्या किरकोळ वाटतील."

रविवारी सोप्यात फुलांचा झोपाळा टांगला. गल्लीतल्या बायका जमल्या. थोरली बहीण सन्मती मोगऱ्याचा गजरा घेऊन आली.

"आक्का, मी गडीमाणूस हाय."

"गप बस रं. पाय खाली टेकवू नगंस."

ओटी भरली. झाकलेल्या दोन वाट्यांतली एक त्याला उघडायला लावली. पेढा निघाला.

"मुलगा," सन्मती म्हणाली.

"हाड," कस्तुरी म्हणाली.

वीरधवल चिंचा घेऊन आला आणि तिसऱ्या पंगतीला बसला.

सोमवारी धरणेंद्र कुबड्या घेऊन चौकात गेला. कुबड्यांकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांनी एवढंच विचारलं, "कितवा?" पाय जरा टेकला की अख्खी गल्ली दटावायची. बघता बघता त्यालाही सवय झाली. दुपारी चिंच लागायला लागली.

तेवढ्यात आजारी रजा संपली. त्यानं झोपाळ्यावर बसूनच कारखान्याला अर्ज लिहिला:

"तरी हाड पूर्णपणे भरून येईपर्यंत अर्जदारास प्रसूती रजा पूर्ण पगारी मंजूर व्हावी, ही नम्र विनंती. सोबत एमआरआय जोडला आहे."