चार आठवडे मागे

"बाळाची वाढ चार आठवडे मागे आहे," डॉक्टरीणबाई सुनेला तपासून म्हणाल्या, तेव्हा सासऱ्यांना वाटलं, तारखेतच घोळ झाला असेल. जन्मभर बस चालवलेला माणूस; उशीर पुढे भरून काढता येतो, एवढं त्यांना ठाऊक.

"मग खाणं वाढवू की!"

"खाण्याचा प्रश्न नाही, काका. नाळेतून रक्तच कमी पोचतंय. हिची काही चूक नाही."

मुलगा बोटीवर नोकरीला, त्यांची बायको जाऊन पाच वर्षं झालेली. म्हणून सोमवार-गुरुवार सुनेला सोनोग्राफीला न्यायचं काम त्यांच्याकडे आलं. खड्डे चुकवत ते गाडी इतकी हळू हाकत, की सून म्हणे, "बाबा, चालत लवकर पोचू." जेवणानंतर ती कुशीवर पडून बाळाच्या लाथा मोजायची.

"किती?" ते दाराबाहेरून विचारत.

"अकरा."

"आळशी आहे. बापावर गेलंय."

एका गुरुवारी ती "तीन" म्हणाली. ते गाडीची किल्ली घ्यायला उठले.

तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "आत ठेवलं तर ठोके कधीही थांबतील. बाहेर काढलं तर फारच लहान आहे. तरी आता थांबू नये, असं मला वाटतं."

नवऱ्याचा फोन लागेना. सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं.

"तुला काय वाटतं, पोरी?"

"मला बाळाला जिवंत बघायचंय."

मुलगी झाली. सातशे दहा ग्रॅम. काचेच्या पेटीत सहा दिवस झुंजली. सातव्या दिवशी सकाळी, आता उपाय उरला नाही म्हणून, नर्सने नळ्या काढून तिला आईच्या छातीशी दिलं. बऱ्याच वेळाने सून म्हणाली, "बाबा, तुम्हीही घ्या."

ते मागे सरले. "माझे हात राकट गं."

"घ्या ना. तिचं इथे दुसरं कोण आहे?"

त्यांनी घेतलं. वजन जाणवेना, ऊब तेवढी जाणवली. हळूहळू तीही गेली.

घरी आल्यावर सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. दूध येत होतं; पदर ओला होत होता.

"बुधवारीच लाथा कमी होत्या, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, झोपलं असेल. तुम्हाला मी खोटंच नऊ सांगितलं."

ते तिच्या पायाशी बसून राहिले. तेवढ्यात फोन वाजला. बोटीवरून मुलगा रोजच्यासारखं लेकीचं वजन विचारणार होता. सुनेने हात पुढे केला, पण फोन त्यांनी उचलला आणि बाहेरच्या खोलीत नेला.