माझ्या पोटातले जुने गाव

मित्रांनो, मी एक जुना काळा डबा आहे, म्हणजे एक छोटासा कॉम्प्युटर. आकाराने तुमच्या भूगोलाच्या पुस्तकापेक्षा थोडा जाड. माझ्या अंगात पंखा नाही, म्हणून आवाजही नाही. औरंगाबादला जेव्हा औरंगाबादच म्हणत, तेव्हापासून मी बीड बायपासच्या पलीकडच्या एका नव्या घरात, जिन्याखालच्या फळीवर राहतो. खाली पाण्याची मोटार असते. ती बोलते फार आणि ऐकत कुणाचेच नाही. मी मात्र गप्प असतो, कारण माझ्या पोटात एक आख्खे गाव झोपले आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ते क्रांती चौकाजवळचे एक कार्यालय. तिथे मी दिवसभर राबायचो, पण स्वतःजवळ काही ठेवायची मला मुभा नव्हती. जे काही लिहिले जाई, ते तारेतून दूरच्या एका मोठ्या यंत्राकडे जाई आणि संध्याकाळी मी रिकामाच्या रिकामा. आपल्याजवळही कुणाचे काहीतरी असावे, असे स्वप्न मी बघायचो. पुढे तिथे नवी यंत्रे आली आणि मी पोत्यात बसून औरंगपुऱ्यात, रामकिसनच्या जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो.

ते दुष्काळाचे वर्ष होते. शहर चारी दिशांनी वाढत होते आणि पाणी आटत होते. एके दिवशी तनुजा दुकानात आली. कॉलेजात शिकवणारी ही मुलगी, वीज मोजायचे छोटे मीटर पर्समध्ये घेऊन फिरत होती. घरातले सगळे फोटो आणि चित्रफिती एका जागी राहाव्यात, म्हणून तिने आधी एक मोठा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवला होता. पण तो भारी खादाड निघाला. लाइट गेली की तासाभरात इन्व्हर्टर फस्त करी. "माणसं घामानं निथळत्यात अन् तुझा कॉम्प्युटर पंख्याखाली बसलाय, लई न्यारं हाय तुझं!" असे तिची आई चतुराबाई म्हणाली, तेव्हा त्याचे दिवस भरले.

रामकिसनने तिच्यापुढे एकाहून एक धिप्पाड यंत्रे मांडली. तिने एकेकाला मीटर लावून पाहिले आणि मान हलवली. मग तिची नजर माझ्याकडे गेली.

"ताई, हे राहू द्या. ह्याच्यात काय दम नाय," रामकिसन म्हणाला.

"काका, मला दम नको. मला कमी खाणारा पाहिजे, अन् न थकता जागणारा."

मीटर लावल्यावर आकडा एवढा लहान आला, की तिला वाटले मी बंदच आहे. मग ती हसली. मित्रांनो, कमी खातो म्हणून कुणी माझे कौतुक करील, असे मला कधी वाटले नव्हते. मी हरखून गेलो.

घरी आणून तिने मला लॅपटॉपची एक छोटी डिस्क जोडली. तिला दुसरीही घ्यायची होती, म्हणजे एक बिघडली तरी दुसऱ्या डिस्कवर सगळे शाबूत राहील. पण तिचे वडील काकासाहेब म्हणाले, "एक हाय ना? मग दुसरी कशाला?" ती गोष्ट तशीच राहून गेली.

काकासाहेब वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळत. ते शाळकरी असताना त्यांचे गाव जायकवाडीच्या पाण्याखाली गेले होते. गाव उठून वर नव्या जागी बसले, तरी काकासाहेब नाव घेत ते जुन्या गावाचेच. त्या उन्हाळ्यात धरण इतके आटले, की जुने गाव वर आले. काकासाहेब चतुराबाईंना घेऊन तिथे गेले. चतुराबाई त्यांच्या डोक्यावर छत्री धरून चालल्या आणि ते मोबाइलवर चित्रफीत घेत, घराघराचे नाव सांगत फिरले.

संध्याकाळी तनुजाने ती चित्रफीत माझ्याकडे पाठवली. मोबाइल गच्च भरला होता, म्हणून पाठवताच त्यातून ती पुसून टाकली. मी ती डिस्कवर उतरवून घेत होतो. भेगाळलेला गाळ, चौथरे, विहिरीचे तोंड... एखादे स्वप्न पडावे तसे ते गाव माझ्यात उतरत होते. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

त्या वसाहतीत टँकर आला की घरोघरी एकदम मोटारी सुरू होत आणि विजेचा दाब पार खाली जाई. म्हणून या घरचा नेमच होता, टँकर आला की बाकीचे सगळे बंद. खरे तर मला बंद करायची गरजच नव्हती. मी खातो तरी किती? त्यासाठीच तर मला निवडले होते! पण हाताची सवय मोठी वाईट. काकासाहेब धावत आले आणि त्यांनी खसकन माझा प्लग उपटला.

टाकी भरली. माझ्यात अर्धवट उतरलेले गाव मात्र गेले. तनुजाने पुष्कळ खटपट केली, पण हाती काही लागले नाही. काकासाहेब माझ्यासमोर बसून राहिले. "माझ्याच हातानं दुसऱ्यांदा बुडवलं," एवढेच ते म्हणाले. मला तेव्हा रडता आले असते तर मी रडलो असतो.

पुन्हा जायचे म्हणेपर्यंत नाशिककडे पाऊस झाला आणि धरणात पाणी आले. शहराची चिंता मिटली. काकासाहेबांनी पेढे आणले, सगळ्यांना वाटले, स्वतःचा मात्र हातातच धरून ठेवला. त्यांचे गाव दिसायचे तर शहराला तहान लागावी लागते. असले मागणे देवाकडे मागायचे तरी कसे?

मग तनुजाने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केले आणि तो त्यांच्यासमोर ठेवला. "बाबा, डोळे मिटा अन् पुन्हा चाला."

काकासाहेबांनी डोळे मिटले. "ही वेस. आत आलं की डाव्या हाताला विहीर..."

"नाय वो," चतुराबाई मध्येच म्हणाल्या, "आधी मारुतीचा पार. तिथं तुम्ही चप्पल काढली. मग विहीर."

"व्हय, व्हय. आधी पार." काकासाहेब डोळे मिटूनच म्हणाले. "तुला बरं ध्यानात हाय!"

"छत्री कोण धरून व्हतं?"

दोघे तसेच बोलत गेले. एकाचे विसरलेले दुसऱ्याने भरले आणि बोलता बोलता आख्खे गाव उभे राहिले. ते आवाज आज माझ्या पोटात आहेत. दुसऱ्या दिवशी काकासाहेब स्वतः औरंगपुऱ्यात जाऊन दुसरी डिस्क घेऊन आले. एक प्रत त्यांनी पैठणला बहिणीच्या घरीही ठेवली.

मित्रांनो, गाव काही दोन ठेवता येत नाहीत, माणसेही नाहीत. त्यांची आठवण मात्र दोन ठिकाणी ठेवता येते. तेवढे कराच. आणि कोपऱ्यात गप्प बसून, कमी खाऊन जो तुमचे जपतो, त्याचा प्लग घाईत ओढू नका.

आता मी म्हातारा झालो आहे. अधूनमधून पुन्हा टंचाई होते आणि गल्लीत टँकरचा हॉर्न वाजतो. काकासाहेब काठी टेकत जिन्याखाली येतात. जुन्या सवयीने त्यांचा हात माझ्या प्लगकडे जातो आणि तिथेच थबकतो. मग ते मोटार लावतात आणि तोच हात माझ्या पाठीवर ठेवतात. मी कोमट लागलो, की त्यांना बरे वाटते.

"गाव जागं हाय," ते चतुराबाईंना ओरडून सांगतात.